कोयता, मामाचं गाव आणि आत्याची खोली : एका सोळा वर्षांच्या पोराचं प्रकरण

त्याला रोहित म्हणू. खरं नाव वेगळं आहे, वस्तीचं नाव देत नाही, मामाचं गावही बदललंय. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे पोराची ओळख उघड करता येत नाही हे तर आहेच, पण याच प्रकरणात एका न्यूज पोर्टलने चेहरा ब्लर करून फोटो टाकला आणि शर्ट तसाच ठेवला, आख्ख्या वस्तीने शर्टावरून ओळखलं, तेव्हापासून मी जरा जास्तच जपते.

मी पुण्यात एका छोट्या संस्थेत सोशल वर्कर आहे. बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अल्पवयीन पोरांच्या गुन्ह्यांच्या केसेस जिथे चालतात तिथे, येणाऱ्या पोरांच्या घरभेटी, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांना सामाजिक तपासणी अहवालासाठी (पोराचं घर, शाळा, शेजार कसा ते मंडळाला सांगणारा अहवाल) मदत, नंतरचा फॉलोअप असं काम. एमएसडब्ल्यूला (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) असताना गुन्हेगारीचं समाजशास्त्र पाठ करून पास झाले होते, ते खरोखर कुठे लागतं आणि कुठे तोंडावर आपटतं हे या केसमध्ये जेवढं कळलं तेवढं आधी नव्हतं कळलं, म्हणून लिहितेय.

पार्श्वभूमी

वडील टेम्पोवर, माल असेल त्या दिवशी काम, नसेल त्या दिवशी दारू. आई चार घरची धुणीभांडी करते. मोठा भाऊ २२ वर्षांचा, चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, तिथेच चौघांत खोली घेऊन राहतो. धाकटी बहीण सातवीत. रोहित घटनेच्या वेळी १६ वर्षं ४ महिन्यांचा.

हे कुटुंब २०२२ पर्यंत शहराच्या मधल्या भागातल्या जुन्या वस्तीत होतं. आजोबांनी बांधलेली खोली, समोर गणपती मंडळाचा मांडव पडायची जागा, मागे नाला. मग वस्ती एसआरएमध्ये (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत) गेली आणि सगळ्यांना तात्पुरतं नऊ किलोमीटरवरच्या ट्रान्झिट कॅम्पात हलवलं. दीड वर्षात नवीन बिल्डिंग मिळणार होती, अजून खड्डाच आहे. कॅम्पात पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, आणि नुसती यांची वस्ती नाही, तीन वेगवेगळ्या वस्त्यांमधली माणसं चिठ्ठ्या टाकून खोल्या दिलेली. शेजारी कोण आलं ते नशिबावर.

आई मला पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगून गेली, तेव्हा मी ती वहीत लिहिली पण तिचं वजन नंतर कळलं. जुन्या वस्तीत रोहित सातवीत असताना पाण्याच्या टाकीमागे गुटखा खाताना कुणाला तरी दिसला होता, तर तो घरी पोचायच्या आत तीन बायका येऊन आईला सांगून गेल्या होत्या आणि एकीने तर रस्त्यातच कानाखाली दिली होती. "हितं ताई, पोरगं रात्री दोनला आलं तरी कुणी विचारत नाय. कुणाचं कोण हे कुणाला म्हायतीच नाय."

शाळाही बदलली. जुन्या शाळेला दोन बस बदलून जावं लागायचं म्हणून जवळच्या शाळेत नववीला घातलं, तिथे तो शेवटच्या बाकावर, नववीत नापास, परत नववीला बसायला तयार नाही. म्हणजे २०२३ च्या जूनपासून हे पोर दिवसभर मोकळं. आई सकाळी सातला बाहेर, दुपारी दोनला परत, पुन्हा चार ते आठ बाहेर.

कॅम्पाच्या गेटसमोर चहाची टपरी, तिथे एकवीस वर्षांचा एक "दादा" बसायचा. प्लॉटिंगवाल्या एका माणसासाठी वसुलीला जायचा, स्वतःच्या दोन गाड्या, गळ्यात चेन. पोरांना बिर्याणी, पेट्रोल, कधी नवीन टीशर्ट. त्याच्या वाढदिवसाला रस्त्यात तलवारीने केक कापला, रोहितने तो व्हिडीओ काढला आणि स्टेटसला ठेवला. स्टेटस हा शब्द समाजशास्त्रातही (प्रतिष्ठा या अर्थाने) आहे आणि व्हॉट्सॲपवरही, इथे दोन्हीचा अर्थ एकच झाला. नववी नापास पोराला शाळेत जे मिळालं नाही ते त्या तीस सेकंदाच्या व्हिडीओला आलेल्या "भाऊ भाऊ" मेसेजमधून मिळालं. अल्बर्ट कोहेन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये हेच मांडलं होतं की शाळेच्या मापात कायम खाली पडणारी कष्टकरी घरातली पोरं मग मापच उलटं करतात, जिथे शाळा शाबासकी देते तिथे ही थुंकतात आणि शाळा ज्याला वाईट म्हणते त्यात नंबर काढतात.

त्या रात्री काय झालं

ऑगस्ट २०२४. दादाच्या कुणा विरोधकाने इन्स्टावर काहीतरी टाकलं. रात्री साडेबाराला पाच पोरं दोन गाड्यांवर त्याच्या गल्लीत गेली, तो घरी नव्हता, मग गल्लीतल्या उभ्या गाड्यांवर राग काढला. अकरा गाड्या, त्यात सहा रिक्षा. एक रिक्षावाले काका, पन्नाशीचे, आवाज ऐकून खाली आले आणि हात वर करून थांबवायला गेले तर कोयता डाव्या हातावर बसला. सात टाके.

कोयता रोहितच्या हातात नव्हता, तो दुसऱ्या सतरा वर्षांच्या पोराकडे होता. रोहितकडे रॉड. तो मला म्हणाला मी दोनच आरसे फोडले, सीसीटीव्हीत पाच गाड्या दिसल्या. पाचांपैकी दोघं सज्ञान, तिघं अल्पवयीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडीओ सगळीकडे. "कोयता गँगचा धुमाकूळ." या पाच जणांच्या टोळक्याला तोपर्यंत नाव नव्हतं, ते बातमीने दिलं.

पहिला पेच : कलम कुठलं

जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी नवीन भारतीय न्याय संहिता लागू होऊन दीड महिनाच झाला होता. पोलीस ठाण्यात जुन्या-नव्या कलमांचा तक्ता भिंतीला चिकटवलेला, हवालदार बोट फिरवत ३०७ चं काय झालं ते शोधत होते. १०९ झालंय, खुनाचा प्रयत्न. ते लावलं. त्याच्यासोबत ३११ पण, म्हणजे दरोड्यात घातक शस्त्र वापरणं, कारण रिक्षावाल्या काकांचा मोबाईल गायब होता.

हा मोबाईल फार महत्त्वाचा होता, कसा ते सांगते. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये गुन्ह्यांचे तीन प्रकार आहेत, किरकोळ, गंभीर आणि अतिगंभीर. ज्यात कमीत कमी शिक्षा सात वर्षं किंवा जास्त आहे तो अतिगंभीर, आणि त्यात सोळा ते अठराच्या पोराचं कलम १५ प्रमाणे प्राथमिक मूल्यांकन होतं, म्हणजे याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का हा प्रश्न उभा राहतो. खुनाच्या प्रयत्नाला जास्तीत जास्त शिक्षा मोठी आहे पण कमीत कमी ठरवलेली नाही, त्यामुळे तो गंभीरमध्ये बसतो, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये तसं स्पष्ट केलं आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आलं. पण ३११ ला किमान सात वर्षं आहेत. म्हणजे खुनाच्या प्रयत्नाने जे होत नव्हतं ते एका दहा हजाराच्या मोबाईलने होणार होतं.

तिसऱ्या दिवशी रिक्षा गॅरेजला नेताना मागच्या सीटखालच्या फटीत मोबाईल सापडला, काच तडकलेला. काकांनी स्वतः ठाण्यात जाऊन सांगितलं. ते सांगायला ते बांधील नव्हते असं नाही, पण हातात टाके असताना, रागात असताना, दोन दिवस उशीर केला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. ३११ निघालं.

दुसरा पेच : अहवालात काय लिहायचं

पहिल्यांदा हजर केल्यापासून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. मी माझा कच्चा मसुदा चौथ्या दिवशी तयार केला आणि आज तो वाचताना लाज वाटते. "वडील व्यसनी, घरात वाद, पालकांचे दुर्लक्ष, वाईट संगत." अशा अहवालांची फाईल उघडा, दहातल्या आठांत हेच चार शब्द सापडतील, नुसती नावं बदलायची.

मसुदा मोडला तो आईने. मी वडिलांच्या दारूबद्दल तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा भांडं आपटून म्हणाली, "बाप तर थोरल्याचाबी ह्योच हाय की. तवा तर जास्त प्यायचा. त्यो का नाय गेला?"

खरंच, तो का नाही गेला? तोच बाप, तीच आई, तीच गरिबी. मग मी चाकणला जाऊन थोरल्याला भेटले, रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. तो पंधरा-सोळाचा असताना जुन्या वस्तीत होता. त्यानेही नववीत एक विषय घालवला होता, पण मंडळाच्या ढोल पथकात होता, संध्याकाळी नाल्यापलीकडच्या चाचांच्या गॅरेजमध्ये हाताखाली, आणि आत्या हाकेच्या अंतरावर. दोन भावांत बाप सारखा होता, संध्याकाळ वेगळी होती.

क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी शिकागोत बाल न्यायालयाच्या नोंदी नकाशावर मांडल्या होत्या, १९४२ मध्ये छापलेलं काम. त्यांना दिसलं की बाजारपेठेला लागून असलेल्या, सतत माणसं येऊन-जाऊन असणाऱ्या पट्ट्यात पोरांच्या गुन्ह्यांचं प्रमाण कायम जास्त राहतं, आणि गंमत म्हणजे त्या पट्ट्यातली माणसं तीस वर्षांत पूर्ण बदलली, आधी जर्मन-आयरिश, मग इटालियन-पोलिश, तरी प्रमाण तसंच. म्हणजे खोट त्या लोकांच्या रक्तात नव्हती, जागा अशी होती की तिथे कुणाचं कुणावर लक्ष राहत नव्हतं. आमच्याकडे मात्र इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून निघाला आणि तरी आजही एखादं पारध्याचं पोर आलं की ठाण्यात "त्यांच्यात असतंच" हे वाक्य ऐकू येतं. असो, रोहित त्या समाजातला नाही, पण मी "वाईट घर" लिहिताना तेच करत होते, फक्त जमातीऐवजी कुटुंब.

शॉ-मॅकेच्या नकाशात इथे एक पाचर मात्र बसते. सोयीसुविधांच्या मापात जुनी वस्ती काही चांगली नव्हती, नाला, अंधार, दारूचा गुत्ता सगळं होतं. कॅम्पात उलट लाईट जास्त, संडास जास्त. पण ओळख शून्य. म्हणजे गरिबी नव्हे, विस्कटणं. आणि हे विस्कटणं सरकारी कागदावर "पुनर्वसन" या नावाने आहे.

अहवालात मी कुटुंब ठेवलं पण त्याला मागे ढकललं आणि शेजाराचा रकाना, जो एरवी "सर्वसाधारण" या एका शब्दात उरकतात, तो दीड पान लिहिला. परिविक्षा अधिकारी म्हणाले एवढं कोण वाचणार. मंडळावरच्या एका सामाजिक कार्यकर्त्या सदस्य बाईंनी वाचलं.

रोहित काय म्हणत होता

निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना पोरांना ठेवतात तिथे, समुपदेशनाच्या खोलीत तो खुर्चीच्या फाटलेल्या रेक्झिनमधून स्पंज काढत बसायचा, गोळी करून टेबलावर ओळीने मांडायचा. बोलायचा कमी. पण जे बोलला ते मी तारखेनुसार लिहून ठेवलं आणि एका दिवशी वही उघडून बघते तर साइक्स आणि मॅट्झा या अभ्यासकांनी १९५७ मध्ये सांगितलेल्या, चुकीचं केलेलं स्वतःला पटवायच्या पाचही सबबी हजर. "दादाने नेलं, मी काय करणार." "काचाच फोडल्या ना, माणूस थोडी मारला." "ते काका मध्ये कशाला आले." "पोलीस काय धुतल्या तांदळाचे आहेत का." आणि शेवटी, "भावासाठी जावंच लागतं ताई."

हे सांगायचं कारण असं की अशी वाक्यं ऐकली की आपण लगेच लिहितो, पश्चात्ताप नाही. पण या दोघांचं म्हणणं नेमकं उलटं होतं, की ज्याला चूक-बरोबर कळतच नाही त्याला सबब लागत नाही. सबब सांगतोय म्हणजे कुठेतरी टोचतंय. मी त्या पाचपैकी दोनच वाक्यांवर काम केलं, काका आणि भाऊ. बाकी सोडून दिली, पोलिसांच्या बाबतीत तर मला वाद घालताच आला नसता.

गुन्हेगारीचा अभ्यासक सदरलँड याचं म्हणणं की गुन्हा शिकला जातो, हेही इथे अगदी शब्दशः होतं. कोयता शर्टाच्या आत पाठीवर कसा ठेवायचा, गाडीवर बसताना पातं कुठल्या बाजूला, हे दादाने टपरीमागे दाखवलं होतं. आणि नुसती रीत नाही, "आपल्याला कुणी हलक्यात घेता कामा नये" हे कारणही त्याच टपरीवर शिकलं. सदरलँड म्हणतो तसं किती वेळा, किती काळ, कितव्या वयापासून आणि कुणाकडून हे चार प्रश्न मी आता प्रत्येक पोराला विचारते, "संगत" असा एक शब्द लिहून मोकळी होत नाही.

पर्याय काय होते

कायद्याने बघितलं तर अल्पवयीनाला जामीन हा नियम आहे, गुन्हा कुठलाही असो. नाकारायचा तर कलम १२ मधली कारणं लागतात, की सुटल्यावर सराईत लोकांच्या संगतीत जाईल, किंवा त्याला स्वतःला धोका आहे, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. पोलिसांनी पहिलं कारण पुढे केलं आणि चूक नव्हतं, दादाची माणसं टपरीवर होतीच. पहिला अर्ज फेटाळला गेला.

त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये आई म्हणाली, "ताई, आमच्या पोराला निबंध लिवायला नाय का देत?" मे २०२४ मधलं कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण, ज्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, तीनशे शब्दांचा निबंध, चौदा तासांत जामीन, मग लोकांचा संताप, मग जामिनात बदल, हे सगळं धुणंभांडं करता करता तिने टीव्हीवर ऐकलं होतं. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटलं होतं की तशी एक सोय असते आणि आपल्याला अर्ज करायचा माहीत नाही. मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी समोर चार वाटा होत्या. निरीक्षणगृहातच ठेवणं, तिथे तो सुरक्षित, पण त्याच खोलीत दुसऱ्या टोळीची दोन पोरं आणि गुन्ह्याची शिकवणी तिथेही चालू. वडिलांच्या ताब्यात देऊन कॅम्पात, म्हणजे टपरीपासून चाळीस पावलं. मामाच्या गावी, इंदापूर तालुक्यात, ऊस आणि चार म्हशी, पुण्यापासून लांब. आणि आत्याकडे, जी जुन्या वस्तीच्या नाल्यापलीकडच्या तुकड्यात अजून राहते, तो तुकडा एसआरएमध्ये गेला नव्हता.

मला आत्या पटत होती. पण आत्याची एकच खोली, विधवा, घरात दोन मुली, आणि वस्तीपासून घटनेची गल्ली दोन किलोमीटर. मामा स्वतः मंडळापुढे आले, स्वच्छ टोपी, हात जोडून म्हणाले जबाबदारी माझी. लांब आणि घरचं माणूस, सगळ्यांना पटलं, मलाही बोलायचा धीर झाला नाही. बावीस दिवसांनी रोहित मामाच्या गावी गेला.

मामाचं गाव

इथे माझा अंदाज पूर्ण चुकला. मला भीती होती की गावात त्याला वाळीत टाकतील. झालं उलटं. व्हिडीओ तिथेही पोचला होता, आणि आठवड्याभरात पारावरची पोरं त्याला "पुण्याचा भाई" म्हणायला लागली. म्हशीचं शेण काढणारा भाचा दिवसा, आणि रात्री पारावर कोयत्याचा किस्सा. मी फोन केला की मामा म्हणायचे एकदम सुधारलाय, पहाटे पाचला उठतो. मी खूश.

शिक्का मारला की माणूस तसा होत जातो हे बेकर वगैरे मंडळींनी सांगितलंय, लेमर्टने पहिल्या चुकीत आणि शिक्का अंगवळणी पडल्यानंतरच्या चुकीत फरक केला. पण आपण नेहमी समजतो की शिक्का म्हणजे अपमान. सोळा वर्षांच्या पोराला तोच शिक्का पदकासारखा मिळू शकतो हे मला तिथे कळलं. ज्याला नववी नापास सोडून दुसरी ओळख नाही त्याला ही ओळख सोडायला सांगताय, आणि बदल्यात देताय काय, तर म्हशी.

दिवाळीला तो घरी आला आणि परत गेलाच नाही. जामिनाच्या अटीत मामाकडे राहणं होतं. आईने मला पाडव्याला फोन करून सांगितलं आणि रडत म्हणाली कुणाला सांगू नका, परत धरून नेतील. मी तीन दिवस काहीच केलं नाही. फराळाचं ताट समोर, फोन शेजारी. त्या तीन दिवसांत तो टपरीवर गेला असता, कुणाला पुन्हा काही झालं असतं तर जबाबदारी माझी होती. तो गेला नव्हता, खोलीतच झोपून होता, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी परिविक्षा अधिकाऱ्यांना सांगितलं आणि सोबत नवीन प्रस्ताव घेऊन गेले.

आत्याची खोली

आत्याकडे राहायचं, सकाळी चाचांच्या गॅरेजमध्ये, संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत, आणि पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी. थोरला भाऊ दर रविवारी चाकणहून येणार आणि आत्याला महिना दीड हजार देणार, हे त्याने लिहून दिलं. मंडळाने अट बदलली, एकदा तंबी दिली.

कागदावर हे फार सुरेख दिसतं, प्रत्यक्षात पहिले दोन महिने नुसती भांडणं. आत्याच्या मुलींना नको होता. अभ्यासिकेत पाच दिवस गेला आणि बंद केलं. टिकलं ते फक्त गॅरेज. का, तर मला वाटतं चाचांमुळे, आणि चाचा काही समुपदेशक वगैरे नव्हते, उलट शिव्या फार. पण ते त्याला "तुझा भाऊ पहिल्या महिन्यात क्लच प्लेट बसवायला शिकला होता" एवढंच रोज ऐकवायचे. कोयत्याबद्दल एकदाही विचारलं नाही. त्यांच्यासाठी तो थोरल्याचा भाऊ होता. गावाने त्याला भाई केलं, इथे तो परत कुणाचा तरी भाऊ झाला.

ट्रॅव्हिस हर्शी १९६९ मध्ये म्हणाला होता की माणूस गुन्हा का करतो हे विचारण्यापेक्षा बाकीचे का करत नाहीत ते विचारा, आणि उत्तर दिलं होतं बांधिलकी, जिव्हाळा, गुंतलेला वेळ, नियमांवरचा विश्वास. अभ्यासिकेत वेळ गुंतत होता पण जिव्हाळा नव्हता. गॅरेजमध्ये सगळं थोडं थोडं होतं, आणि हाताला ग्रीस लागून संध्याकाळी सातला पोरगं दमलेलं.

निकाल

चौकशी कायद्याने चार महिन्यांत संपायला हवी, मुदतवाढीसकट नऊ महिने लागले. मे २०२५ मध्ये आदेश झाला, एक वर्ष परिविक्षेवर देखरेखीखाली, समूह समुपदेशन आणि थोडी समाजसेवा. विशेष गृहात, म्हणजे दोषी ठरलेल्या पोरांना ठेवतात तिथे, पाठवलं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, परीक्षा फेब्रुवारीत. बीजगणिताच्या नावाने बोंब आहे. घटनेनंतर आजपर्यंत त्याच्यावर नवीन काही नाही.

बाकीच्या दोन अल्पवयीन पोरांपैकी एक निरीक्षणगृहातून सुटून तीन महिन्यांत दुसऱ्या केसमध्ये आला. तो कॅम्पातच, आईवडिलांकडे गेला होता. दादा जामिनावर बाहेर, या वर्षी त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मागच्या वर्षीपेक्षा मोठा होता.

एका पोरावरून आत्याची खोली हाच उपाय असं मी म्हणणार नाही. वय वाढलं की बहुतेक पोरं आपसूकच थांबतात हेही तितकंच खरं असू शकतं, टेरी मॉफिटने १९९३ मध्ये हाच फरक मांडला होता, किशोरवयापुरती वाकडी चालणारी आणि आयुष्यभर चालणारी. कदाचित रोहित पहिल्या गटातला असेल आणि आम्ही नुसते मध्ये मध्ये करत होतो.

परत करायचं झालं तर

मामाचा पर्याय आला तेव्हा मी तोंड उघडलं असतं. "लांब" म्हणजे सुरक्षित हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं, त्या गावात त्याला दिवसभर कोण भेटणार हे कुणीच विचारलं नाही. आता गावी पाठवायचं असेल तर मी आधी पारावर जाऊन बसते, मामांना नंतर भेटते.

दिवाळीचे तीन दिवस. त्यावर काही बोलायला नको.

आणि सगळ्यात मोठं, रिक्षावाले काका. नऊ महिन्यांत मी रोहितच्या घरी चौदा वेळा गेले, काकांकडे एकदा. त्यांची करंगळी आणि शेजारचं बोट अजून पूर्ण वळत नाही, ॲक्सिलरेटरचा हात उजवा आणि ब्रेक पायाने म्हणून रिक्षा चालवता येते एवढंच, पण क्लच डाव्या हाताने आणि संध्याकाळी हात सुजतो. मोबाईल सापडला हे ज्या माणसाने खरं सांगितलं म्हणून या पोराची केस वेगळ्या वाटेने गेली, त्याच्यासाठी आमच्या फाईलमध्ये रकानाच नव्हता. भेट घालून द्यावी असं मला दोनदा वाटलं, एकदा काका नको म्हणाले, एकदा मीच टाळलं, रोहित काहीतरी उद्धट बोलेल या भीतीने. जूनमध्ये त्याने मला न सांगता चाचांकडून सुट्टी घेतली आणि काकांच्या रिक्षाचा क्लच वायर बदलून आला. काय बोलले, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणाला, "वायर जाम होती." काकांनी पैसे दिले, त्याने घेतले.

पोलिसांचं एक राहिलं. निकाल लागायच्या आधीपासून सण आला की कॅम्पाच्या हद्दीतल्या ठाण्यातून फोन यायचा, पोराला घेऊन या, हजेरी. एकतीस डिसेंबरला, शिवजयंतीला, धुळवडीला. दर वेळी गॅरेजचा दिवस बुडायचा आणि आल्यावर दोन दिवस तो कुणाशी बोलायचा नाही. मी कायद्याची कलमं लिहून पत्र दिलं, पोच घेतली, उत्तर आलं नाही. यंदा गणपतीच्या आधी आई रोज फोन चार्ज करून ठेवत होती. फोन आला नाही. विसर्जनानंतर तिने मला विचारलं, ताई, नाव काढलं असंल का इसरले असतील? मी ठाण्यात जाऊन विचारलं नाही. विचारायला गेलं की रजिस्टर उघडणार आणि नाव वाचलं जाणार.